घरातला सर्व्हर गप्प कसा बसेल?

लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी, आजोबांच्या आवाजातल्या ध्वनिफिती, सहलींचे हजारो फोटो, विकत घेतलेली गाणी आणि चित्रपट. हे सारे आता अंकरूपात साठवता येते. पण घरोघरी ते विखुरलेले असते : थोडे ताईच्या मोबाइलमध्ये, थोडे बाबांच्या लॅपटॉपवर, थोडे कुठल्याशा पेनड्राइव्हमध्ये. म्हणून काही घरांत एक लहान संगणक दिवसरात्र चालू ठेवतात. सगळा साठा त्यात असतो आणि टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप यांपैकी ज्याला जे हवे ते तो घरातल्या वायफायवरून त्याच्याकडे मागतो. या संगणकाला मीडिया सर्व्हर असे म्हणतात.

आता हे यंत्र ठेवायचे कुठे? दोन खोल्यांच्या घरात ते झोपायच्या खोलीतच ठेवावे लागते. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात त्याचा आवाज जाणवत नाही. रात्री खोलीची ध्वनिपातळी ३० डेसिबेलच्या आसपास उतरली, की तोच पंखा घोंघावू लागतो. दहावीचा अभ्यास करणारी मुलगी वैतागते, झोप हलकी असलेली आजी उठून बटण बंद करते. बंद सर्व्हर कोणाच्याच कामाचा नाही. कॅसेटी पुन्हा माळ्यावर जातात आणि त्यांच्या चुंबकीय फिती तिथे हळूहळू खराब होत राहतात. तेव्हा यंत्र निवडतानाच आवाजाचा विचार केला पाहिजे, आणि हा विचार मुळात भौतिकीचा आहे.

प्रथम काम किती आहे ते मोजू. चांगल्या प्रतीचा एक चित्रपट साधारणपणे सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजेच १ मेगाबाइट, या वेगाने पाठवावा लागतो. तासाला ३.६ गिगाबाइट झाले. साधी, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला शंभरावर मेगाबाइट वाचून देते. घरातल्या चार जणांनी एकाच वेळी चार वेगळे चित्रपट लावले तरी तिला काही वाटणार नाही. असे असताना या कामासाठी खेळांचा शक्तिमान संगणक घेणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टँकर बोलावणे होय.

एकच काम जड आहे. चित्रपट ज्या सांकेतिक रूपात साठवला आहे ते रूप टीव्हीला उमजत नसेल, तर सर्व्हरला तो चालता चालता दुसऱ्या रूपात बदलून द्यावा लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण भागाकडून करून घेतले तर तो तापतो आणि पंखा जोराने फिरू लागतो. अनेक प्रोसेसरांत मात्र याच कामासाठी वेगळे मंडल कोरलेले असते. ते तेच काम फार कमी विजेत करते. म्हणून प्रोसेसर किती वेगवान आहे हे विचारण्याआधी त्यात हे मंडल आहे का, ते विचारा.

आता मुख्य मुद्दा. संगणक विजेपासून यांत्रिक कार्य जवळजवळ काहीच करत नाही. तो घेतो त्या प्रत्येक वॅटची शेवटी उष्णताच होते. ६० वॅट घेणारा संगणक म्हणजे ६० वॅटची शेगडी. ही उष्णता बाहेर काढायला पंखा लागतो आणि पंखा आवाज करतो. म्हणजे आपला शत्रू पंखा नसून वॅट आहेत.

समजा, प्रोसेसरवर बिनपंख्याचा, पट्ट्यापट्ट्यांचा अॅल्युमिनियमचा ठोकळा बसवला आहे. त्याला हीट सिंक म्हणतात. तो दर वॅटमागे खोलीपेक्षा २ अंश सेल्सिअसने अधिक तापतो असे धरू. प्रोसेसर १० वॅट घेत असेल तर वाढ २० अंशांची. मे महिन्यात खोली ४० अंशांवर असली तरी ठोकळा ६० अंशांवर थांबेल. यात धोका नाही. तोच प्रोसेसर ६५ वॅटचा असेल तर वाढ १३० अंशांची आणि तापमान १७० अंश! त्याआधी कितीतरी खाली प्रोसेसर स्वतःला मंद करतो किंवा बंद पडतो. बिनपंख्याचा संगणक कोणाला शक्य आहे, हे या एका गुणाकारातून कळते.

पंखा लावायचाच झाला तर हवा किती हलवावी लागेल? एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते आणि एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. सर्व्हर ३० वॅटचा आहे आणि त्यातून जाणारी हवा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, असे ठरवू. भागाकार करा : सेकंदाला अडीच लिटर हवा पुरते. पंधरा लिटरची बादली सहा सेकंदांत भरेल इतकीच! एवढ्या झुळकेसाठी घोंघावणारा पंखा लागतोच कशाला?

दुकानातल्या स्वस्त पेटीत बहुधा लहान आणि वेगवान पंखा असतो. पंख्यांचे नियम मात्र त्याच्या विरुद्ध आहेत. सारख्या घडणीचे, ८० आणि १२० मिलिमीटर व्यासाचे दोन पंखे घ्या. एका फेऱ्यात ढकललेली हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यासांचे गुणोत्तर १.५, त्याचा घन सुमारे ३.४. म्हणजे लहान पंखा मिनिटाला २४०० फेरे घेऊन जितकी हवा देतो, तितकी मोठा पंखा सुमारे ७०० फेऱ्यांत देईल. आणि आवाज? पंख्याच्या ध्वनीची शक्ती साधारणपणे गतीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. गती निम्मी केली तर ती बत्तिसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे १५ डेसिबेल उतरते. मोठा व्यास आवाजात भर घालतो, ती धरूनही आपल्या उदाहरणात १४ डेसिबेलचा फायदा होतो. १० डेसिबेलची घट झाली की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले तर या फरकाचे मोल कळेल.

प्रोसेसर गप्प बसला तरी हार्ड डिस्क उरतेच. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा तोल किंचितही ढळलेला असला तर डिस्क १२० हर्ट्झने थरथरते. नुसती हवेत टांगली तर हा आवाज फारसा ऐकू येणार नाही. पण ती पत्र्याच्या पेटीत घट्ट आवळली आणि पेटी लाकडी टेबलावर ठेवली, की सारे टेबल थरथरू लागते. प्रयोगशाळेत नादकाट्याचा दांडा टेबलावर टेकवला की त्याचा आवाज मोठा होतो, तोच हा प्रकार. गतीत अगदी थोडा फरक असलेल्या दोन डिस्का एका पेटीत असल्या, तर आवाज संथपणे चढतो-उतरतो. तंबोऱ्याच्या दोन तारा नीट जुळल्या नाहीत की जे ऐकू येते, तेच हे. सलग गुणगुणीपेक्षा हा चढउतार झोप अधिक मोडतो.

यावर उपाय स्वस्त आहे. डिस्क आणि पेटी यांच्यामध्ये रबरी चकत्या घाला, पेटीखाली मऊ रबराचे पाय लावा. ५४०० फेऱ्यांची डिस्क निवडा. मात्र डिस्क फोममध्ये गुंडाळू नका. तिची उष्णता अडते आणि बहुतेक डिस्कांची कमाल मर्यादा ६० ते ७० अंशांचीच असते. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे हार्ड डिस्क असलेल्या पेटीत अगदी संथ असा एक मोठा पंखा असलेलाच बरा. पंखाच नको हा हट्ट मला पटत नाही. फिरता भाग नसलेली एसएसडी पूर्ण निःशब्द असते, पण दर टेराबाइटमागे ती बरीच महाग पडते. म्हणून संगणकाची आज्ञाप्रणाली लहान एसएसडीवर आणि चित्रपटांचा साठा एका मोठ्या हार्ड डिस्कवर, अशी वाटणी सोयीची होते.

मग घ्यावे काय? नवे घेणार असाल तर इंटेलच्या एन१०० जातीच्या प्रोसेसरवरचे छोटे संगणक विचारात घेण्याजोगे आहेत. २०२३ साली आलेल्या या प्रोसेसरची निर्मात्याने सांगितलेली उष्णताशक्ती अवघी ६ वॅट आहे (थोडा वेळ तो याहून अधिक घेतो) आणि ट्रान्सकोडिंगचे मंडल त्यात आहे. रास्पबेरी पाय ५ ही पाटी त्याहून लहान. पण व्हिडिओ नव्या सांकेतिक रूपात घालणारे मंडल तिच्यात नाही. घरातली सर्व उपकरणे मूळ रूप वाचत असतील तरच ती पुरेल.

घरात पडून असलेला जुना लॅपटॉपही वाईट नाही. त्याची बॅटरी वीज गेल्यावर सांभाळून घेते, हा आपल्याकडे मोठाच लाभ. पण सतत पूर्ण भारित आणि गरम राहिलेली बॅटरी फुगू शकते. ८० टक्क्यांवर भारण थांबवण्याची सोय त्यात असेल तर ती अवश्य वापरा आणि अधूनमधून तळाकडे पाहत जा. जुना टेबलावरचा संगणक मात्र फुकट मिळाला तरी आधी त्याचे वॅट मोजा. १० वॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर ८७.६ युनिट वीज लागते, ६० वॅटचे चालले तर ५२५.६ युनिट. घरच्या बिलातला युनिटचा दर घेऊन फरक काढा.

यंत्र बंद कपाटात ठेवू नका. तापलेली हवा वर जाते. तिला वरून वाट आणि गार हवेला खालून वाट हवी. आणि ज्या फायली पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती यंत्राबाहेर ठेवा. हार्ड डिस्क कितीही शांत असली तरी ती एक दिवस बंद पडतेच.

करून पाहा : मोबाइलमध्ये ध्वनिपातळी दाखवणारे अॅप घ्या. ते प्रमाणित नसते, म्हणून त्याचे आकडे खरे धरू नका. दोन आकड्यांतला फरक तेवढा पाहा. दुसरा मोबाइल थरथरता ठेवून तो आधी तळहातावर, मग स्टीलच्या ताटलीवर, मग लाकडी टेबलावर आणि शेवटी चौघडी केलेल्या गोधडीवर ठेवा. मापनाचा मोबाइल दर वेळी तितक्याच अंतरावर, दुसऱ्या टेबलावर असू द्या. कोणत्या पृष्ठभागावर पातळी किती बदलली, याची नोंद करा. ताटलीखाली गोधडी घातली तर काय होईल, याचा अंदाज आधी वहीत लिहा आणि मगच ती घालून पाहा.