पत्त्याचा रकाना : अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संगोपनाबाहेर पडणारी मुले आणि बेघरपणा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखादा नेहमीचा विषय घ्यावा असेच प्रथम मनात आले. परंतु एका रुग्णाची आठवण मनातून जात नाही, म्हणून आज थोडा वेगळा विषय मांडतो.

एकोणीस-वीस वर्षांचा तो तरुण अपस्माराचा झटका येऊन रस्त्यात पडला होता. लोकांनी उचलून दवाखान्यात आणले. कपाळावर खोल जखम होती. टाके घालताना त्याला बोलते केले, तेव्हा कळले की त्याचे बालपण एका बालगृहात गेले. तेथे सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवली जाई. अठरा वर्षे पूर्ण झाली, संस्था सुटली आणि गोळीही सुटली. गोळीचे नाव त्याला ठाऊक नव्हते. "लहान, पांढरी" एवढेच तो सांगू शकला. पत्ता विचारला, तेव्हा त्याने त्या संस्थेचाच पत्ता दिला. संस्था सोडल्याचे तो स्वतः सांगत असताना मीही तोच पत्ता केसपेपरवर उतरवून घेतला. टाके काढण्यास तो आला नाही. संस्थेकडे चौकशी केली, तर त्याचा पुढील ठावठिकाणा तेथे कोणालाच माहीत नव्हता. त्या दिवशी जखम नीट शिवली होती, औषधही योग्य लिहून दिले होते. "रात्री कोठे झोपतोस?" हा एक प्रश्न मात्र मी विचारला नव्हता.

हा प्रश्न ज्यांनी पद्धतशीरपणे विचारला आणि वर्षानुवर्षे विचारत राहिले, त्या संशोधकांच्या कार्याचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील दीर्घकालीन अभ्यास

अमेरिकेत आई-वडिलांकडून छळ वा हेळसांड झालेल्या मुलांना न्यायालयाच्या आदेशाने घरातून काढून प्रतिपालक कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा लहान समूहगृहात ठेवले जाते. या व्यवस्थेस तेथे 'फॉस्टर केअर' म्हणतात. वय वाढल्यामुळे या व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे पुढे काय होते, याचा शोध घेण्यासाठी शिकागो विद्यापीठाशी संलग्न चेपिन हॉल या संस्थेतील मार्क कोर्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा अभ्यास हाती घेतला. आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या तीन राज्यांतील ७३२ मुलामुलींच्या पहिल्या मुलाखती २००२-०३ मध्ये, ती सतरा-अठरा वर्षांची असताना झाल्या. त्यानंतर वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत एकूण पाच फेऱ्यांत त्यांना पुन्हा पुन्हा गाठण्यात आले. ज्यांना पत्ताच नाही अशांचा नऊ वर्षे माग ठेवणे किती कष्टाचे असते, हे रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या आपणां डॉक्टरांस वेगळे सांगावयास नको.

बेघरपणासंबंधीचे या अभ्यासाचे निष्कर्ष ॲमी ड्वोर्स्की, लॉरा नापोलिटानो आणि कोर्टनी यांनी २०१३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सव्विसाव्या वर्षापर्यंत यांपैकी ३१ ते ४६ टक्के तरुणांवर निदान एकदा तरी बेघर होण्याची पाळी आली होती. म्हणजे कमीत कमी धरले तरी दर तिघांमागे जवळजवळ एक! बेघरपणा म्हणजे केवळ पदपथावर झोपणे नव्हे. निवाऱ्यात रात्र काढणे, मोटारीत झोपणे, झोपण्यास ठरावीक जागाच नसणे हेही त्यात आले. आज या मित्राकडे, उद्या त्या ओळखीच्याकडे अंग टाकणे हा प्रकार तर बाहेरून दिसतही नाही.

याच गटाच्या आधीच्या मुलाखतींत आणखी एक गोष्ट आढळली होती. एकोणिसाव्या वर्षापर्यंत जे बेघर झाले होते, त्यांपैकी बहुतेक जण व्यवस्थेतून बाहेर पडल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच त्या अवस्थेस पोहोचले होते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास जसे जपावयाचे असतात, तसेच हे पहिले सहा महिने होत.

धोका कोणास अधिक?

धोका वाढविणारे जे घटक या अभ्यासात पुढे आले, ते आपण डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

१) संगोपनात असताना पळून जाण्याचा इतिहास.
२) वारंवार बदललेली घरे. दर वेळी नवे घर, नवी शाळा, नवी माणसे.
३) पूर्वी झालेला शारीरिक छळ.
४) मानसिक विकाराची लक्षणे.
५) किशोरवयातील गुन्हेगारी वर्तन.
६) पुरुष असणे.

यांतील पहिल्या पाच गोष्टी बालवयातच दिसू लागतात. "मुलगा पळपुटा आहे" असे व्यवस्थापक सांगतात, तेव्हा ती त्या मुलाच्या स्वभावाची नोंद नसून एक लक्षण असते. ताप हा जसा रोग नसून रोगाचा इशारा असतो, तसेच हे आहे. उलट, कुटुंबातील निदान एका व्यक्तीशी ज्यांची जवळीक टिकून होती, त्यांच्यात बेघरपणाचे प्रमाण कमी आढळले. आई-वडिलांचे घर सुटले तरी आजी, मावशी किंवा थोरली बहीण यांच्याशी असलेला धागा तोडू नये, हा यातला बोध.

या अभ्यासाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. तीव्र मानसिक आजार किंवा विकासात्मक अपंगत्वामुळे मुलाखत देऊ न शकणारी मुले त्यात समाविष्ट नव्हती. जी सर्वांत दुबळी, तीच मोजणीबाहेर राहिली. तेव्हा प्रश्नाचे खरे रूप याहून गंभीर असण्याचा संभव आहे.

मुदत वाढवून काय साधते?

या तीन राज्यांत एक फरक होता. इलिनॉयमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत व्यवस्थेत राहता येई. इतर दोन राज्यांत सामान्यतः अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागे. या तुलनेतून असे दिसले की मुदत वाढविल्याने बेघरपणा लांबणीवर पडतो. तो कायमचा टळतोच असे मात्र दिसले नाही. अर्थात तीन वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. शिक्षण पुरे करणे, नोकरी मिळविणे यास तेवढाच अवधी लागतो. पुढे अमेरिकेत २००८ च्या कायद्याने राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत संगोपन वाढविण्यासाठी केंद्रीय निधीची वाट मोकळी झाली, आणि २०१४ पासून अशा तरुणांना सव्विसाव्या वर्षापर्यंत सरकारी आरोग्यविमा मिळू लागला. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने प्रत्येक मुलास वैयक्तिक सल्लागार आणि पुढील आयुष्याचा लेखी आराखडा देणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झाले. २०१४ पासून प्रतिपालक कुटुंबातच एकविसाव्या वर्षापर्यंत राहण्याची सोय झाली आणि २०१७ च्या कायद्याने सल्लागाराची सोबत पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढली.

मुळात अठरा हा आकडा कायद्याच्या सोयीचा आहे. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी अठराव्या वाढदिवशी सामान बांधून निघून जावी, असे आपणांपैकी कोणाच्या मनातही येत नाही. नोकरी गेली, परीक्षा हुकली, खोलीमालकाने घालवून दिले, तर परत येण्यास एक घर असते. या मुलांना परतीचे दारच नसते. म्हणून लहानशी ठेचही त्यांना थेट रस्त्यावर आणते.

आपण बडोदेकर या बाबतीत एक उदाहरण अभिमानाने सांगू शकतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या हाती राज्याचा कारभार आला. परंतु त्याआधी सहा वर्षे इलियटसाहेबांसारखा शिक्षक त्याच्यामागे उभा होता, सर टी. माधवरावांसारखा दिवाण राज्य सांभाळीत होता. परक्या घरी आलेल्या मुलास योग्य तयारी आणि माणसांचा आधार मिळाला तर काय घडू शकते, हे या नगरीने डोळ्यांनी पाहिले आहे. प्रत्येकास राज्य मिळत नाही. पण तयारी आणि आधार प्रत्येकास देता येतो.

आपल्याकडील स्थिती

भारतात प्रतिपालक कुटुंबांपेक्षा संस्थांवरच अधिक भिस्त आहे. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पश्चात-देखभालीची, तरतूद आहे. नियमांनुसार ती एकविसाव्या आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत देता येते. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य नमूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण जाहीर केले. म्हणजे कागदावर दार उघडे आहे. उदयन केअर या संस्थेने २०१९ मध्ये दिल्ली, गुजरात, कर्नाटक, महाराष्ट्र व राजस्थान या पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात मात्र निवारा, ओळखपत्रे, रोजगार आणि मानसिक आधार या सर्वच बाबतींत उणिवा आढळल्या.

ज्यांना स्वतःच्या पायांवर कधीच उभे राहता येणार नाही, त्यांचे काय? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे दिव्यांग अनाथांचे संगोपन करणारे, २०२४ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले शंकरबाबा पापळकर हा प्रश्न दीर्घकाळ मांडीत आले आहेत. अशा मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच घरी राहू द्यावे, अशी त्यांची मागणी आहे. शिकागोच्या अभ्यासात मोजणीबाहेर राहिलेली मुले हीच.

आपण काय करू शकतो?

१) सोळा ते पंचवीस वयोगटातील एकट्या आलेल्या रुग्णास "राहतोस कोठे, कोणाबरोबर?" हे सहजपणे विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तर समजावे.

२) आपण ज्या बालगृहात आरोग्यतपासणीस जातो, तेथील सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा आरोग्यसारांश तयार करावा. रक्तगट, लसी, ॲलर्जी, जुने आजार आणि चालू औषधांची नावे मात्रेसह त्यात असावीत. एक प्रत संस्थेत राहावी आणि एक मुलाच्या हाती द्यावी. औषध का घ्यावयाचे आणि अचानक बंद केल्यास काय होते, हे त्यालाच समजावून द्यावे.

३) अपस्मार, दमा, मधुमेह, सिकलसेल, एचआयव्ही यांसारख्या दीर्घ आजारांत बालरोगतज्ज्ञाकडून प्रौढांच्या डॉक्टरांकडे होणारे हस्तांतर केवळ चिठ्ठीने न होता प्रत्यक्ष भेटीने व्हावे.

४) पळून जाणे, हट्टीपणा, झोप न लागणे यांची मानसिक आरोग्याच्या दृष्टीने वेळीच तपासणी व्हावी.

५) अनुरक्षणाची सोय आहे हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसते. जिल्हा बालसंरक्षण कार्यालयाचा पत्ता आपल्या टेबलावर असावा.

६) आपल्या मंडळातील प्रत्येक सभासदाने संस्था सोडणाऱ्या एका मुलास आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि पहिले सहा महिने, महिन्यातून एकदा, आपण होऊन त्याची विचारपूस करावी. यास निधी लागत नाही, ठरावही लागत नाही.

तो अपस्माराचा रुग्ण मला पुन्हा भेटला नाही. त्यानंतर मी केसपेपरवर पत्त्याच्या रकान्याखाली एक ओळ वाढवून घेतली आहे : 'सध्या मुक्काम कोठे?' ती ओळ बहुतेक वेळा एका शब्दात भरली जाते. कधी कधी ती कोरी राहते. अशा वेळी पुढच्या रुग्णास थोडे थांबण्यास सांगून मी खुर्ची जरा पुढे ओढतो.