गाऱ्हाणं घालण्याआधी

बाळू,

शिमग्याला गावी येऊन काकांच्या नावाने देवापुढे नारळ ठेवणार, असं तू फोनवर म्हणालास. देवाकडे जाऊ नकोस, असं मी तुला कधीच सांगणार नाही. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळी वाडी ‘व्हय महाराजा’ म्हणते, तेव्हा केवढा धीर येतो ते मला ठाऊक आहे. पण काय मागायचं ते नीट ठरवून ये. बागेतला माझा हिस्सा मला मिळू दे, हे देवापुढे बोलायला हरकत नाही. काकांच्या घराचं वाटोळं मात्र मागू नकोस. त्या घरात तुझी चुलत भावंडं आहेत, त्यांची लेकरं आहेत. उद्या त्यांतल्या कुणाला साधा ताप आला तरी वाडी तुझ्या नारळाचं नाव घेईल, आणि ते वैर तुझ्या मुलांनाही निस्तरता येणार नाही.

आपले पूर्वजसुद्धा ऊठसूट देवाला साक्षीला बोलावत नसत. याज्ञवल्क्यस्मृतीत खरं-खोटं ठरवण्यासाठी तुला म्हणजे तराजू, अग्नी, जल, विष आणि कोश अशी दिव्यं सांगितली आहेत. कोश म्हणजे देवाच्या स्नानाचं पाणी प्यायचं आणि 14 दिवसांत काही अरिष्ट येतं का ते पाहायचं. पण त्याच स्मृतीचा दंडक असा, की आधी लेख, वहिवाट आणि साक्षीदार पाहावेत; यांतलं काहीच नसेल तर दिव्य. विज्ञानेश्वरांची मिताक्षरा ही त्याच स्मृतीवरची टीका, आणि आपल्या एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा कायदा तिच्यावरच उभा राहिला. मराठेशाहीत वतनाच्या भांडणात रवादिव्य होई. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. हात भाजला की माणूस खोटा. किती खरी माणसं त्यात हरली असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

तुझ्याकडे तर लेख आहे. सातबाऱ्यावर काकांचं, तुझं आणि माझं अशी तिन्ही नावं आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तेव्हा मला वगळून ही वाटणी होणार नाही. काकांना सांगितलं तेच तुलाही सांगते: तुम्ही दोघं समोरासमोर बसून बोलल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही. काका तापट आहेत, पण समोर बसलेल्या पुतण्याला ते खोटं सांगतील असं मला वाटत नाही. त्यांना तू चार वर्षांत एकदा तरी नीट विचारलंस का?

देवळात आपण तिघंही जाऊ. जे ठरेल ते पाळायची बुद्धी दे, एवढंच गाऱ्हाणं गुरवाला घालायला सांगू. तू येताना बाबांच्या ट्रंकेतली जुनी वाटणीची चिठ्ठी आण. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तिच्यात लिहिलेल्या आहेत, आणि खरं भांडण पाण्याचंच आहे.

तुझी,
आत्या