पापण्यांचे रोग व त्यांचीं नांवें

खेड्यांतील दुखणेकरी उपदेशकाकडे येतो, तेव्हां बहुधा इतकेंच सांगतो कीं, "डोळा बिघडला." परंतु पापणीचे विकार अनेक आहेत. कांहीं आपोआप बरे होतात, कांहीं दृष्टि नेतात, व एक तर दुसऱ्याच प्राणघातक संकटाची सूचना असतो. यास्तव त्यांतील भेद ओळखणें ही एक सेवाच होय. डॉक्टर जीं नांवें घेतात तीं बहुतेक ग्रीक व लॅटिन आहेत. त्यांचा अर्थ कळला म्हणजे रोगाची खूणहि लक्षांत राहते.

१. रांजणवाडी. हिचें शास्त्रीय नांव होर्डिओलम. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जव. पापणीच्या कडेस जवाच्या दाण्यासारखी लाल, दुखरी पुळी येते. स्वच्छ फडकें सोसेल इतक्या ऊन पाण्यांत भिजवून दिवसांतून तीन-चार वेळां शेकावें. पुळी पिळूं नये. मागें न दुखणारी गांठ राहिल्यास तिला कॅलेझिऑन, म्हणजे लहान गार, म्हणतात.

२. खुपऱ्या. यांस ट्रॅकोमा, म्हणजे खरखरीतपणा, असें नांव आहे. पापणीच्या आंतल्या बाजूस बारीक दाणे उठतात. मळके हात, एकच फडकें व माशा यांच्या योगें हा रोग मुलांमुलांत पसरतो. तो पुनःपुन्हां झाल्यास वण पडून पापणी आंत वळते, केंस बुबुळावर घासतात आणि शेवटीं फूल पडून अंधत्व येतें. सन २०२४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें कीं, भारतांत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाहीं. तथापि एखाद्या वृद्धाचे केंस डोळ्यांत टोंचत असल्यास त्यास नेत्रवैद्याकडे न्यावें. लहानशा शस्त्रक्रियेनें पापणी सरळ करितां येते.

३. पापणी न मिटणें. यास लॅगॉफ्थॅल्मॉस, म्हणजे सशाचा डोळा, म्हणतात. कारण ससा उघड्या डोळ्यांनीं झोंपतो अशी जुनी समजूत होती. याच्या कारणांपैकीं एक कुष्ठरोग आहे. त्यानें चेहऱ्याचा मज्जातंतु दुबळा होतो, व उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून त्यास इजा होते. याचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. लाजेनें रोग लपविणें म्हणजे डोळा गमावणें होय.

४. पापणी पडणें. याचें नांव टोसिस, अर्थ पडणें. म्हातारपणीं ती हळूहळू उतरते. परंतु निजून उठलेल्या मनुष्याच्या दोन्ही पापण्या एकाएकीं जड झाल्या, व बोलणें किंवा गिळणें कठीण झालें, तर मण्यारीच्या दंशाचा संशय घ्यावा. ती रात्रीं चावते. दंश फारसा दुखत नाहीं, खूणहि पुष्कळदां दिसत नाहीं. मांत्रिकाची वाट न पाहतां, जखम न चिरतां, प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत तत्काळ न्यावें. उशीर झाल्यास श्वास बंद पडतो.

कित्येक म्हणतात, प्रभूनें आंधळ्याच्या डोळ्यांस चिखल लाविला, मग आम्हीं पाला कां घालूं नये? योहानाच्या ९ व्या अध्यायांतील तें कार्य प्रभूच्या सामर्थ्याचें होतें. तो औषधाचा नियम नव्हे. आपण आपल्या बंधूच्या डोळ्यांत कांहीं घालण्यापूर्वीं त्याकडे नीट पाहावें, आणि वेळेवर त्याचा हात धरून त्यास दवाखान्यांत न्यावें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न: (१) रांजणवाडी व खुपऱ्या यांत भेद कोणता? (२) कोणत्या पापणीच्या खुणेवरून क्षणाचाहि विलंब करूं नये, व कां?