भरल्या घरातून गेलेला माणूस

चि. चिमूस,


तुझा मेसेज काल रात्री वाचला. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

तेराव्याला आलेला जो तो तुला सांगून गेला, "वय झालं होतं, भरल्या घरातून गेले, आयुष्याचं सोनं झालं." आणि तुला वाटायला लागलंय की आजोबा ८६ व्या वर्षी गेले तरी आपल्याला इतकं रडू येतंय, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. बाळा, काही चुकत नाही. लोक वाईट मनाने बोलत नाहीत. दुःखाच्या घरी काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही. पण जाणाऱ्याच्या वयावरून मागे राहिलेल्याचं दुःख ठरत नसतं. तुला कळायला लागल्यापासून आबा होतेच. ते नाहीत असा दिवस तू पाहिलाच नव्हतास. त्याची सवय व्हायला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. ऑफिसात कुणी "अजून सावरली नाहीस?" म्हणालं, तर उत्तर देत बसू नकोस.

आबा देवमाणूस होते असं तू लिहिलंयस. इथे मात्र मी तुला थोडं अडवते. तुला मिळालेले आबा आणि मला मिळालेले नाना, ही एकाच माणसाची दोन वयं. तुझ्या पुण्याच्या फीसाठी त्यांनी खिलार बैलांची जोडी विकली. माझं शिक्षण मात्र त्यांनीच दहावीला थांबवलं. चांगलं स्थळ आलं आणि मला विचारलंही नाही. तो सल अजून आहे. ते गेले म्हणून तो मी पुसून टाकणार नाही. तरी ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी उंबऱ्यातच खाली बसले, उठवेना. उपकार आणि राग एकाच माणसापाशी राहू शकतात, राहू द्यावेत. माणसाचा देव केला की आभार मानायला सोपं जातं, पण मग ते नेमके कशाबद्दल, हेच विसरायला होतं.

म्हणून १९७२ चं सांगते. तुला त्यांनी हे सांगितलं नसणार, स्वतःबद्दल बोलायची त्यांना सवयच नव्हती. माणदेशाला कमी पाऊस नवा नाही, पण त्या वर्षी विहिरींचे तळ उघडे पडले. सरकारने राज्यभर दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसं त्या कामांवर होती. आमचे नाना आणि आई खडी फोडायला जायचे. रेशनला तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. आम्हा पोरांना सुकडीची ओढ असायची. मजुरी मापावर होती. खडीच्या ढिगाची लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्यायची, गुणाकार करायचा, शंभराने भागायचं, तेवढे ब्रास. माप घ्यायला कारकून यायचा आणि ज्याला हिशेब येत नाही त्याला कारकून म्हणेल तेच खरं मानावं लागायचं. टोळीत बहुतेक बाया, अंगठा उठवणाऱ्या.

नाना सातवी शिकलेले. दिवसभर हातोडा मारून तळहात सोललेले असायचे. पण घरी निघण्याआधी फुटाफुटावर गाठ मारलेली सुतळी काढून ते प्रत्येकीचा ढीग मोजायचे आणि वहीत नावापुढे आकडा लिहायचे. कारकून आला की वही उघडून शेजारी उभे राहायचे. आवाज चढवायचे नाहीत, पण आकडा जुळेपर्यंत जागचे हलायचेही नाहीत. सुतळीचं दुसरं टोक धरायला मी असायचे. मला गुणाकार तिथे आला.

पुढे वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. तेव्हापासून डोळे अधू होईपर्यंत नाना गावातल्या लोकांना कामाच्या मागणीचे अर्ज लिहून देत राहिले. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. त्या टोळीतल्या दोघीजणी अजून गावात आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बस, विचार, लिहून घे. त्या थकल्यात, दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

आणि ऋण फेडायचं म्हणतेस, तर आधी आजीकडे बघ. दहाव्याला बायका तिचं कुंकू पुसायला निघाल्या तेव्हा तू आडवी उभी राहिलीस. त्यावर भावकीत कुजबुज झाली आणि तू आता मला विचारतेस, चुकलं का. अजिबात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये गावाचा ठराव करून कुंकू पुसण्यासारख्या विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. कुणी पुन्हा बोललं तर हे सांग. नसेल ऐकायचं तर माझं नाव सांग, मी बोलेन. साठ वर्षांच्या संसारानंतर तिचं कपाळ उघडं करून कुणाला पुण्य लागणार होतं?

ती तेच तेच सांगेल. खिलार बैलांचं, पहिल्या बसप्रवासाचं, नानांच्या तापटपणाचं. "आजी, हे झालंय सांगून" असं म्हणू नकोस. आणि तिच्यासमोर रडू आलं तर उठून आत जाऊ नकोस, तिथेच रड. घरात सगळेजण तिच्यापासून डोळे लपवतायत, त्यामुळे तिला वाटतंय की आपण एकटीच रडतोय.

पुढच्या महिन्यात मासिकाला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीची सुट्टी काढ. आजीचा डावा डोळा दाखवायला दहिवडीला न्यायचंय आणि तुझ्या बापाला वेळ होत नाही. कागदपत्रांच्या पेटीत नानांच्या वह्या आहेत, त्या कुणी रद्दीत घालायच्या आत तू ताब्यात घे. मी शनिवारच्या एसटीने येते.

तुझी,
आत्या