मँचेस्टरचा हॅले वाद्यवृंद

मँचेस्टर म्हटले की आपल्याकडील वडील मंडळींस कापड आठवते. इंग्लंडच्या उत्तर भागातील या गिरण्यांच्या शहराने मात्र कापडाखेरीज आणखी एक गोष्ट मोठ्या निष्ठेने जपली आहे. ती म्हणजे शहराचा स्वतःचा कायमचा वाद्यवृंद. तो कसा जन्मास आला व कसा तगला, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम सिंफनी-वाद्यवृंद म्हणजे काय ते पाहू. आपल्या मैफलीत एक गायक राग विस्तारीत नेतो व साथीदार त्याच्या मागोमाग जातात. सिंफनी-वाद्यवृंदात सत्तर-ऐंशी वादक एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवितात आणि त्यांच्या मेळातून रचना उभी राहते. व्हायोलिन, चेलो ही गजाने वाजविण्याची तंतुवाद्ये. बासरी, क्लॅरिनेट ही फुंकून वाजविण्याची वाद्ये. ट्रंपेट, हॉर्न ही पितळी वाद्ये. आणि नगाऱ्यासारखी आघातवाद्ये, असे त्याचे चार विभाग असतात. नगारा वाजविणारास कित्येकदा बराच वेळ नुसत्या मात्रा मोजीत स्वस्थ बसावे लागते. पण मोजणी एका मात्रेने चुकली, तर सर्वांचे श्रम बिघडतात. असा मेळ चार दिवसांच्या तालमीने साधत नाही. तेच वादक वर्षानुवर्षे एकत्र बसले पाहिजेत, आणि त्यांच्या चरितार्थाची सोय झाली पाहिजे. खरी अडचण येथेच आहे.

सन १८५७ मध्ये मँचेस्टर येथे कलावस्तूंचे भव्य प्रदर्शन भरले. त्यासाठी चार्लस हॅले या जर्मनीत जन्मलेल्या पियानोवादकाने उत्तम वादक जमविले. प्रदर्शन संपताच ते पांगणार, हे हॅले यांस सहन होईना. त्यांनी स्वतःच्या जोखमीवर वृंद राखला आणि ३० जानेवारी १८५८ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये पहिली मैफल केली. सामान्य माणसासही येता यावे, म्हणून स्वस्त जागा ठेविल्या. आरंभी तोटाच होत गेला. पण त्यांनी धीर सोडला नाही. तीस मैफलींअंती हिशेब झाला, तेव्हा निव्वळ नफा निघाला अडीच शिलिंग, म्हणजे दर मैफलीस एक पेनी!

१८९५ मध्ये हॅले वारले. तेव्हा शहरातील काही व्यापाऱ्यांनी तोटा भरून देण्याची हमी घेतली व १८९९ मध्ये कायमची संस्था स्थापन झाली. एडवर्ड एल्गार यांची पहिली सिंफनी १९०८ मध्ये जगात प्रथम याच वृंदाने वाजविली.

पुढे महायुद्ध आले. डिसेंबर १९४० मध्ये बाँबहल्ल्यात फ्री ट्रेड हॉल उद्ध्वस्त झाला. १९४३ मध्ये जॉन बार्बिरोली न्यूयॉर्कहून संचालक म्हणून आले, तेव्हा वृंदाला पुरेसे वादकच उरले नव्हते. त्यांनी जागोजागी परीक्षा घेतल्या. शाळेत शिकणारा एक मुलगा बासरीसाठी निवडला गेला, एका शिक्षिकेस हॉर्न मिळाला, पितळी वाद्यांसाठी आसपासच्या बँडांतून माणसे आली. थोड्याच आठवड्यांत वृंद पुन्हा उभा राहिला. स्वतःचे सभागृह नसल्याने सर्कस जेथे होई, त्या जागेतही मैफली झाल्या. १९५१ मध्ये फ्री ट्रेड हॉल पुन्हा उघडला. १९९६ पासून ब्रिजवॉटर हॉल हे वृंदाचे घर आहे.

या कथेशी मुंबईचाही एक धागा जुळलेला आहे. १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी-वाद्यवृंद स्थापणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी पुढे काही वर्षे बार्बिरोलींच्या हाताखाली हॅले वृंदात वादन केले. प्रसिद्ध संचालक झुबिन मेहता हे त्यांचेच पुत्र होत.

विद्यार्थिमित्रहो, प्रदर्शनासाठी माणसे जमविणे कोणत्याही श्रीमंत शहरास साधते. मंडप उतरल्यावर त्यांना राखून ठेवणे, हेच कठीण. मँचेस्टरात ते एकाच्या धाडसाने सुरू झाले, पुष्कळांच्या हमीने चालले, आणि कठीण काळी शाळकरी मुलाच्या बासरीनेही त्यास हातभार लावला. आपल्या गावातील वाचनालय, व्यायामशाळा, भजनी मंडळ यांकडे या दृष्टीने पाहावे. ती कोणाच्या तरी एका पेनीच्या नफ्यावरच आजवर उभी असतात.