वंशावळ कशी वाचावी : शांपेनच्या काउंटांचा वारसा



वंशावळ म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर नावांची आणि सनांची लांबलचक यादी उभी राहते. ती पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि निकाल लागला की विसरून जायची! परंतु वंशावळ ही वास्तविक पाठ करण्याची वस्तू नव्हे, ती वाचण्याची वस्तू आहे. दोन नावांच्या मध्ये जी छोटीशी रेघ असते, तिच्यात कधी एखादा खटला दडलेला असतो, कधी युद्ध, तर कधी एखाद्या मुलीचा गेलेला हक्क. या अंकात आम्ही मध्ययुगीन फ्रान्समधील शांपेन या काउंटीची वंशावळ अभ्यासाला घेतली आहे. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही हा पाठ वाचावा. विषय जुना आहे, पण प्रश्न जुना झालेला नाही.

काउंट म्हणजे कोण?

प्रारंभी काउंट हा राजाने नेमलेला अधिकारी होता. त्याने एखाद्या प्रदेशाचा बंदोबस्त ठेवायचा, न्याय द्यायचा आणि राजाच्या हाकेला फौज घेऊन जायचे. पुढे राजसत्ता दुबळी झाली तसे हे पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. त्याच्या ताब्यातील प्रदेश म्हणजे काउंटी. हिंदीत ज्याला आपण उत्तराधिकार म्हणतो आणि मराठीत वारसा, तो इथून सुरू झाला.

मात्र वारसा आपोआप मिळत नसे. नव्या काउंटाने राजासमोर गुडघे टेकून, आपले जोडलेले हात राजाच्या हातात देऊन एकनिष्ठतेची शपथ घ्यावी लागे. राजाने शपथ स्वीकारली की वारसा पक्का. म्हणून प्रत्येक वारसाच्या वेळी दोन प्रश्न असत : रक्ताने हक्क कोणाचा, आणि राजा शपथ कोणाची स्वीकारणार? या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी एकच असतील असे नव्हते.

शांपेन कुठे आहे?

पॅरिसच्या पूर्वेला. तेथील द्राक्षमद्याचे नाव जगभर झाले ते पुष्कळ नंतर. बाराव्या-तेराव्या शतकात शांपेन प्रसिद्ध होते ते आपल्या जत्रांसाठी. त्रुआ, प्रोव्हां, लान्यी आणि बार-सुर-ओब या चार गावांत मिळून वर्षाला सहा मोठ्या व्यापारी जत्रा भरत. उत्तरेकडील फ्लांडर्सचे लोकरी कापड घेऊन व्यापारी येत, दक्षिणेकडून इटलीचे व्यापारी मसाले आणि रेशीम आणत. वाटेत लूट होऊ नये म्हणून काउंट त्यांना संरक्षण देई आणि जत्रेत तंटा झाल्यास त्याचा निवाडा त्याचे अधिकारी करीत. थोडक्यात, शांपेनचा वारसा म्हणजे नुसता मानाचा किताब नव्हता. तो नगद उत्पन्नाचा वारसा होता, म्हणूनच त्यासाठी भांडणे झाली.

वंशावळ

ही यादी वहीत उतरवून घ्या.

१. थिबो दुसरा (११२५ ते ११५२)
२. हेन्री पहिला, ‘उदार’ (११५२ ते ११८१)
३. हेन्री दुसरा (११८१ ते ११९७)
४. थिबो तिसरा (११९७ ते १२०१)
५. थिबो चौथा (१२०१ ते १२५३)
६. थिबो पाचवा (१२५३ ते १२७०)
७. हेन्री तिसरा (१२७० ते १२७४)
८. झान, हेन्री तिसऱ्याची कन्या (१२७४ ते १३०५)
९. लुई, झानचा पुत्र (१३०५ ते १३१६)

आता ही यादी वाचू या.

पहिली गाठ : वाटणी

थिबो दुसरा ११५२ साली वारला तेव्हा त्याच्याकडे ब्लुआ आणि शांपेन असे दोन मोठे प्रदेश होते. घराण्याचे मूळ ठिकाण ब्लुआ. रीतीप्रमाणे थोरल्याने मूळ गादी घ्यायची. पण थोरल्या हेन्रीच्या वाट्याला शांपेन आले. ब्लुआ धाकट्या थिबोला आणि सांसेर तिसऱ्या स्टीफनला मिळाले. हेन्रीने जत्रा वाढविल्या, आणि त्याच्याच काळात, ११७८ च्या सुमारास, त्याच्याकडून जमिनी घेऊन बदल्यात सेवा देणाऱ्या सुमारे १,९०० जणांची नोंदवही तयार झाली. कोण कोणाचे काय देणे लागतो हे कागदावर आले. ही कागदाची सवय पुढे या घराण्याच्या कामी आली.

हेन्रीची पत्नी मारी ही फ्रान्सच्या राजाची मुलगी. पती वारल्यावर मुलगा वयात येईपर्यंत तिने कारभार पाहिला आणि मुलगा धर्मयुद्धावर गेल्यावर पुन्हा पाहिला. वंशावळीत मात्र तिचे नाव येत नाही. आमच्या मते अशी नावे विद्यार्थ्यांनी समासात पेन्सिलीने लिहून ठेवावीत.

दुसरी गाठ : दोन मुली आणि एक तान्हे मूल

हा आपल्या पाठाचा मुख्य भाग आहे. तो सावकाश वाचा.

हेन्री दुसरा ११९० साली धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे निघाला. निघण्यापूर्वी त्याने आपल्या सरदारांकडून वचन घेतले, की आपण परत आलो नाही तर धाकटा भाऊ थिबो याला काउंट मानावे. हेन्री खरोखरच परत आला नाही. ११९२ साली त्याने जेरुसलेमची राणी इझाबेला हिच्याशी लग्न केले. त्यांना ॲलिस आणि फिलिपा या मुली झाल्या. ११९७ साली आक्र शहरातील राजवाड्याच्या खिडकीतून पडून हेन्रीचा मृत्यू झाला.

शांपेनमध्ये भाऊ थिबो तिसरा काउंट झाला. राजा फिलिप दुसरा याने त्याची शपथ स्वीकारली. मुली दूर होत्या, लहान होत्या, त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. पण थिबो तिसराही मे १२०१ मध्ये ऐन तारुण्यात वारला. त्याची पत्नी, नाव्हारची राजकन्या ब्लांश, गरोदर होती. पतीच्या मृत्यूनंतर सहाव्या दिवशी तिला मुलगा झाला. तोच थिबो चौथा.

आता सांगा, हक्क कोणाचा? थोरल्या भावाच्या मुलींचा, की धाकट्या भावाच्या मुलाचा?

ब्लांशने वेळ दवडला नाही. तिने राजापुढे स्वतः शपथ घेतली. राजाच्या परवानगीवाचून पुनर्विवाह करणार नाही असे लिहून दिले. राजाकडून तिने असे आश्वासन मिळविले, की मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्याविरुद्धचा दावा ऐकला जाणार नाही. यासाठी तिला मोठी रक्कमही मोजावी लागली.

फिलिपाने एरार नावाच्या सरदाराशी लग्न केले आणि १२१६ साली एरारने शांपेनवर हक्क सांगितला. त्याचे म्हणणे सरळ होते. माझी पत्नी थोरल्या काउंटाची मुलगी आहे, मुलगी असताना पुतण्या वारस कसा? ब्लांशच्या बाजूने दोन मुद्दे होते. एक, ११९० चे सरदारांचे वचन. दुसरा असा, की इझाबेलाचा पूर्वीचा पती जिवंत असतानाच हेन्रीशी तिचे लग्न झाले होते, तेव्हा या लग्नाच्या मुली औरस मानाव्यात का?

जुलै १२१६ मध्ये मेलां येथे राजाच्या दरबारातील मानकऱ्यांनी निवाडा दिला. मुली औरस की अनौरस, या प्रश्नात दरबार शिरलाच नाही. राजाने एकदा ज्याची शपथ स्वीकारली आहे, तो न्यायाला सामोरा जाण्यास तयार असताना राजाने त्याच जागेसाठी दुसऱ्याची शपथ स्वीकारू नये, एवढेच दरबाराने सांगितले. म्हणजे रक्ताच्या प्रश्नाचे उत्तर शपथेने दिले गेले. युद्ध मात्र थांबले नाही. एरारला लोरेनच्या ड्यूकची मदत होती. १२१८ साली ब्लांशच्या बाजूने सम्राट फ्रेडरिक दुसरा उतरला, तेव्हा नान्सी शहर जळाले आणि ड्यूकने शरणागती पत्करली. शेवटी १२२१ मध्ये एरार आणि फिलिपाने रोख रक्कम आणि वार्षिक उत्पन्न घेऊन दावा सोडला. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर फिलिपाने हक्कसोड पत्र लिहून दिले.

थोरली ॲलिस उरली होती. ती एव्हाना सायप्रसची राणी होती. तिच्याशी १२३४ साली समझोता झाला. तिला ४०,००० लिव्हर रोख आणि दरसाल २,००० लिव्हरचे उत्पन्न द्यायचे ठरले. एवढा पैसा थिबो चौथ्याकडे नव्हता. तो राजा लुई नववा याने दिला आणि त्या बदल्यात ब्लुआ, शार्त्र, सांसेर आणि शातोदां यांवरचे वर्चस्व थिबोकडून विकत घेतले. लक्षात ठेवा, ‘शांपेन वाचले’ असे आपण लिहितो, पण त्याची किंमत जुन्या घराने मोजली आणि लाभ राजाचा झाला.

एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १२१२ साली, म्हणजे पुतण्यांचा हा वाद डोक्यावर असतानाच, याच ब्लांशने आपल्या सरदारांच्या संमतीने नियम केला, की ज्या घरी मुलगा नाही तेथे किल्ले मुलींमध्ये वाटले जावेत आणि निवडीचा पहिला मान थोरलीचा असावा. मुलीला वारसा मिळतो हे शांपेनमध्ये मान्यच होते. वाद तत्त्वाचा नव्हता, वाद सर्वांत वरच्या गादीचा होता.

ब्लांशने १२२२ साली वयात आलेल्या मुलाच्या हाती कारभार दिला. जमविलेले करार आणि सनदा नोंदवह्यांत उतरवून ठेवल्या होत्या, त्याही दिल्या. मग ती मठात राहायला गेली. थिबो चौथा पुढे मामाच्या मृत्यूनंतर १२३४ साली नाव्हारचा राजाही झाला आणि कवी म्हणून त्याने मोठे नाव कमावले.

तिसरी गाठ : झान आणि तिची नात

थिबो पाचवा १२७० साली ट्युनिसच्या धर्मयुद्धावरून परतताना सिसिलीत निपुत्रिक वारला. धाकटा भाऊ हेन्री तिसरा चार वर्षांत गेला. मागे उरली दीड वर्षाची मुलगी झान. शांपेन आणि नाव्हार दोन्ही तिचे. शांपेनमध्ये आता कोणी आक्षेप घेतला नाही, कारण तेथे समोर दुसरा दावेदारच नव्हता! आईने तिला घेऊन फ्रान्सच्या राजाचा आश्रय घेतला आणि १२७५ साली राजपुत्राशी तिचा विवाह ठरला. १२८४ मध्ये, अकराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी पती फिलिप चौथा राजा झाला. तलवार न उपसता शांपेन राजघराण्यात आले. तरीही शांपेन झानचेच होते आणि तेथील कागदांवर तिची संमती नोंदली जाई. १२९७ साली शेजारच्या बारच्या काउंटाने चढाई केली तेव्हा ती स्वतः फौजेबरोबर गेली. पॅरिसमधील नाव्हार महाविद्यालय तिच्याच मृत्युपत्रातून उभे राहिले.

तिचा मुलगा लुई आधी शांपेनचा काउंट आणि १३१४ साली फ्रान्सचा राजा झाला. १३१६ मध्ये तो वारला. त्याला चार वर्षांची मुलगी होती, तिचेही नाव झान, आणि राणी गरोदर होती. शंभर वर्षांपूर्वीचा प्रसंग जणू पुन्हा आला. मुलगा झाला, पण पाच दिवसच जगला. मग काकाने राज्य घेतले आणि १३१७ साली पॅरिसच्या सभेने ठरविले, की फ्रान्सच्या सिंहासनावर स्त्रीचा अधिकार नाही.

तो नियम सिंहासनाचा होता. शांपेन तर छोट्या झानला आजीकडून येत होते, तेथे स्त्रीला बंदी नव्हती. तरीही ते तिला मिळाले नाही. १३२८ नंतर नाव्हार तिला परत मिळाले, कारण ते दूर होते. शांपेन पॅरिसच्या दाराशी होते. त्याच्या बदल्यात अंगूलेम, मोर्तां आणि पैसा देण्यात आला. १३६१ साली राजा जाँ दुसरा याने शांपेन कायमचे राज्यात सामील केले. वंशावळ तेथे संपली.

या पाठातून काय घ्यावे?

फिलिपा आणि ॲलिस यांचा हक्क पैशात बदलला गेला. आजी झानला हक्क मिळाला, नातीला मिळाला नाही. चौघी त्याच घराण्याच्या, कायदाही जवळपास तोच. फरक कशाने पडला? समोर दावेदार कोण होता, मिळकत किती मोलाची होती आणि कागद कोणाच्या हातात होते, याने. ब्लांश जिंकली, कारण मूल तान्हे असतानाच तिने प्रत्येक आश्वासन लिहून घेतले होते.

पालकहो, आपल्या देशात २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. कायदा आहे, तरी हक्कसोडीच्या कागदावर बहिणींच्या सह्या आजही होतात. कोणी आनंदाने करते, कोणी संकोचाने. सही करावी की नाही, हे सांगणे शाळेचे काम नाही. पण सही करण्याआधी कागद वाचता यावा आणि प्रश्न विचारता यावा, एवढे आपल्या मुलींना शिकविणे हे शाळेचे आणि घराचे दोघांचेही काम आहे, असे आम्ही मानतो.

स्वाध्याय

१. वरील यादीत मारी, ब्लांश, ॲलिस आणि फिलिपा यांची नावे योग्य जागी लिहून पूर्ण वंशवृक्ष काढा.
२. १२१६ चा निवाडा तुम्हाला पटतो का? एरारच्या बाजूने पाच ओळी आणि ब्लांशच्या बाजूने पाच ओळी लिहा.
३. थिबो चौथ्याने १२३४ साली काय मिळविले आणि काय गमावले?
४. आपल्या घरच्या चार पिढ्यांची वंशावळ वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. आजी, पणजी, आत्या आणि लेकी यांची नावे वगळू नका. पणजीचे माहेरचे नाव मिळाले तर तेही लिहा.