आधी चासी, मग इंजिन

हर्णै, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यातली जुनी पिकअप स्वस्तात मिळत असेल, तर मीटर किती फिरलंय हे नंतर विचारा. आधी विचारा, तिनं आयुष्यभर काय वाहिलं? चिरे किंवा विटा वाहिल्या असतील तर पाटे बसलेले असतील. पाटे बदलता येतात. आंब्याच्या पेट्या वाहिल्या असतील तर फारसं काही बिघडलेलं नसतं. मासळी वाहिली असेल, तर बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं चासीवर ठिबकलेलं असतं आणि त्यावर कुठल्याच गॅरेजकडे औषध नाही.

माझ्या मेव्हण्याला सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर न्यायला गाडी बनवून घ्यायची होती. किनाऱ्यावरच्या एका गावात दुहेरी केबिनची फोर बाय फोर पिकअप मिळाली. पहिल्या सेल्फला इंजिन सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही. "दाजी, इंजिन ऐका फक्त!" तो म्हणाला. इंजिन खरोखरच सुरेख होतं. खालून नुकताच काळा रंग मारलेला होता आणि एजंट तोच रंग गाडी जपल्याचा पुरावा म्हणून दाखवत होता.

पुढचे काही महिने मेव्हण्यानं तिच्यावर पैसे ओतले. लिफ्ट किट, मड टायर, पुढे विंच, टपावर दिव्यांची पट्टी. पावसाळ्यात तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका चढावर लो गिअरमध्ये एक दगडी पायरी चढताना मागून फाडकन आवाज आला. पाट्याचा हँगर चासीच्या पत्र्यासकट फाटून निघाला होता. अॅक्सल तिरका झाला, चाक मडगार्डला जाऊन भिडलं. गावातल्या ट्रॅक्टरनं ओढून रस्त्यावर आणली. गॅरेजमध्ये मिस्त्रीनं चासीत स्क्रूड्रायव्हर दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. भोकांवर पत्र्याचे ठिगळ, त्यावर लांबी, त्यावर तो काळा रंग. लिफ्ट किट आणि विंच मात्र अगदी धडधाकट होते.

म्हणून पहिली गोष्ट. गाडी बघायला जाल तेव्हा तिला जवळच्या वॉशिंग सेंटरला न्या आणि धुवायचे पैसे तुम्ही द्या. तिथल्या लिफ्टवर गाडी वर गेली की चिखल निघतो आणि तुम्हाला हातात टॉर्च आणि छोटा हातोडा घेऊन निवांत फिरता येतं. शाबूत पत्रा ठणठणतो, सडलेला बोदा वाजतो आणि त्याचे पापुद्रे पडतात. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टनं बसतो ती जागा, केबिनच्या मागची आडवी पट्टी आणि मागच्या अॅक्सलवर चासी कमानीसारखी वर वळते तो भाग, इथे हातोडा फिरलाच पाहिजे. पेटीसारख्या बंद चासीत चिखल आत साठतो, गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरून गुळगुळीत दिसण्याला काही अर्थ नाही. बाकीची गाडी मळकी आणि चासी तेवढी कोरी करकरीत असेल, तर एजंटला चहा पाजून घरी या.

इंजिनाबद्दल मी फार सांगत नाही. कुठलाही बरा मिस्त्री ते तपासून देतो आणि बिघडलंच तर ते उतरवून बांधता येतं.

फोर बाय फोर आहे हे लिव्हर किंवा मागचा स्टिकर बघून मानू नका. पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. कुठे आवाज करत होता म्हणून, कुठे डिझेल वाचेल म्हणून. लिफ्टवर असतानाच तो जागेवर आहे का ते बघा. चाचणी घ्यायची ती मातीवर, डांबरावर नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ गिअर आणि शाफ्टवर येतो. शेताच्या बांधालगत जागा शोधा, फोर हाय टाका, फोर लो टाका, एका चढावर थांबून पुन्हा उचला. बटणानं लागणारी फोर बाय फोर असेल तर डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर राहिला पाहिजे. लुकलुकत राहिला तर बहुधा ट्रान्सफर केसवरची मोटर किंवा तिची वायरिंग गेलेली असते. आणि टू व्हील ड्राइव्ह स्वस्तात घेऊन पुढे अॅक्सल बसवू, हा बेत कागदावरच सोडून द्या. त्या खर्चात मूळची फोर बाय फोर येते.

कुठली गाडी, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझ्या मते तो तिसरा-चौथा आहे. पिकअप लांब असते. इसुझू व्ही-क्रॉसचा व्हीलबेस 3095 मिलिमीटर, तर जुन्या जिप्सीचा 2375. म्हणजे ज्या उंचवट्यावरून जिप्सी टुणकन उतरते, तिथे पिकअपचं पोट टेकतं. अरुंद घळीतून, मोठ्या दगडांतून जायचं असेल तर पिकअप घेऊच नका. सामान भरून दोन-तीन दिवस लांब कच्च्या रस्त्यांनी भटकायचं असेल तर तिच्यासारखी सोय नाही. स्कॉर्पिओ गेटअवेचे बरेच भाग स्कॉर्पिओचे, झेनॉनचं 2.2 डायकॉर इंजिन सफारीतही होतं. त्यामुळे तालुक्याच्या गावातही काहीतरी मिळून जातं. व्ही-क्रॉस 2016 साली आपल्याकडे आली, चालवायला या तिघींत मला तीच आवडते, पण सुट्या भागांसाठी खिसा आणि वाट पाहायची तयारी हवी. एक मात्र सगळ्यांना लागू: मागचे पाटे भरल्या हौद्यासाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीचं शेपूट ओल्या चढावर नाचतं. पाण्याचे कॅन, स्टेपनी, हत्यारं अॅक्सलच्या शक्य तितकी जवळ आणि पट्ट्यांनी घट्ट बांधून ठेवा. सैल जॅक हौद्यात उडतो तेव्हा मागच्या काचेचं काय होतं ते सांगायला नको.

आता कागद. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस काढावा लागतो आणि हौद्यात मित्र बसवणं हा गुन्हा आहेच, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पांढऱ्या पाटीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. समुद्र दूर असल्यामुळे त्यांची चासी बहुधा चांगली असते. पण तिकडची एनओसी, इथला कर, पुन्हा नोंदणी हे सगळं धरून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा.

बदलांचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात ते पुन्हा ठणकावून सांगितलं. लोखंडी बुलबारवर कारवाई करायला केंद्रानं राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवलं आहे. तरी दुकानदार "सगळे लावतात हो" म्हणणारच.

हातातला पैसा आधी ब्रेक, स्टिअरिंगचे जोड आणि बेअरिंग यांवर जाऊ द्या. मग मूळ मापाचेच चांगले ऑल-टेरेन टायर. मग पुढे-मागे चासीला बोल्टनं जोडलेले, ओढण्यासाठीचे भक्कम हूक. बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवून गाडी ओढू नका. तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो, माणसं मेली आहेत त्यानं. लिफ्ट किट शेवटी, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना ते लागतच नाही.

व्यवहाराआधी चासीवर कोरलेल्या क्रमांकाचा पेन्सिलनं कागदावर ठसा घ्या आणि आरसी बुकाशी एकेक अक्षर ताडून बघा. गंजामुळे तो ठसा नीट उमटत नसेल, तर एजंट कितीही घाई करो, टोकनचे पैसेही देऊ नका.